डार्करूममधला पडदा

सेकंडी, १२ फेब्रुवारी

एग्या क्वामेना यांस,

बघ, रीत मोडलेली नाही. मामाच्या जागी भाचा बसला की मामाच्या मुलांनी त्याला एग्या, म्हणजे बाप म्हणायचं. तू माझ्या मागून चालायला शिकलास म्हणून मला त्यात सूट मिळत नाही. बाबांना मातीत ठेवून वर्ष झालं. स्टुडिओ तुझा, एनलार्जर तुझा, निगेटिव्हचे सगळे डबे तुझे. माझे काय, तर दोन हात. आता तेही तू अँटवर्पहून हलवणार असं दिसतंय.

तुझा कॉम्प्युटर पोचला. तुझ्या ओळखीच्या खलाशाने तो टाकोराडी बंदरातून थेट दुकानात आणून दिला. सोबत तुझा निरोप दिला: यापुढे प्रिंट काढताना हा डार्करूममध्ये उघडा ठेवायचा, म्हणजे तू तिकडे बसून बघशील आणि सांगशील. उंटावरून शेळ्या हाकायच्याच असतील तर निदान उंट तरी इकडे आणायचास. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र प्रिंट्सच्या पाकिटात घालते आहे. पाकीट तुला उघडावंच लागेल.

पाकिटात प्रिंट्स कमी निघतील. का, ते सांगते. पहिल्या दिवशी तू स्क्रीनवर आलास. तुझ्या मागे खिडकी, खिडकीत बर्फ, आणि तो सगळा पांढरा उजेड माझ्या ट्रेवर. मी म्हटलं, अरे, हा उजेड आहे. तू म्हणालास, स्क्रीन मंद कर, काही होत नाही. केला मंद. एकूण एक कागद फॉग झाला, पांढऱ्या कडासुद्धा राखेच्या रंगाच्या. मग तू म्हणालास पाणी गरम असेल. मग म्हणालास डेव्हलपर शिळा असेल. आणि शेवटी म्हणालास, "अबा, तुझं वय तर झालं नाही ना?"

वय झालं असेल. नाणं काही म्हातारं होत नाही. मी कोरा कागद घेतला. एनलार्जरच्या दिव्याखाली त्याला निसटता उजेड दाखवला, कारण अर्धवट जागा झालेला कागद चोरटा उजेड लवकर पकडतो. त्यावर नाणं ठेवलं आणि एक प्रिंट काढायला जेवढा वेळ जातो तेवढा वेळ तुझ्या मंद स्क्रीनसमोर ठेवून दिला. डेव्हलपरमध्ये नाण्याखालचा गोल फिका राहिला, भोवतालचा कागद काळवंडला. मग कॉम्प्युटर बंद करून हेच आपल्या लाल दिव्याखाली केलं. गोल उमटला नाही. म्हणजे पाणी ठीक, डेव्हलपर ठीक, माझे हातही ठीक. दोन्ही कागद पाकिटात आहेत. ही परीक्षा तुला नवी नाही. बाबांनी आपल्या दोघांना एकाच दुपारी शिकवली होती. तू ते नाणं खिशात घातलंस आणि कानाखाली खाल्लीस.

त्यावर तू उपाय सांगितलास की स्क्रीनभर लाल रंग लाव. लावला. डोळ्याला सगळं लाल दिसलं. कागदावर गोल पुन्हा उमटला, जरा पुसट. स्क्रीनच्या लालमधून निळं-हिरवं झिरपत राहतं. तुला-मला दिसत नाही, पण कागदाला दिसतं. आणि मध्येच कोपऱ्यात पांढरी पट्टी उगवली, बॅटरी संपत आली म्हणून.

तेव्हा एकतर हा कॉम्प्युटर बाहेर जाईल, नाहीतर मी त्याला माझ्या पद्धतीने झाकीन. तू बाप झालास म्हणून उजेडाने तुझं ऐकलंच पाहिजे असं नाही.

अबा


सेकंडी, ३ एप्रिल

एग्या,

झाकला. टाकोराडीला मार्केट सर्कलच्या मागे मयताला येणाऱ्यांसाठी टी-शर्ट छापणारा एक जण बसतो. साचे कापायला तो गडद लाल फिल्म वापरतो. तिचे दोन पदर स्क्रीनवर चिकटवले, कडेकडेने काळी पट्टी मारली, वर पुठ्ठ्याची टोपी केली. कळांचा उजेड बंद, निरोपांच्या पट्ट्या बंद, चार्जिंगचा तो कोपऱ्यातला ठिपकाही चिकटपट्टीखाली गेला. एका पदराने भागलं नाही, गोलाची शंका येत होती. दोन पदरांनी भागलं. पूर्ण प्रिंट होईपर्यंत कागद ठेवला तरी नाण्याची खूण नाही.

आता तू मला निखाऱ्यासारखा दिसतोस आणि तुला लाल अंधारात काहीतरी हलताना दिसतं. तू चिडलास. म्हणालास, एवढा खटाटोप करून मला दिसत काहीच नाही. क्वामेना, बघणाऱ्याच्या सोयीसाठी डार्करूम कोणी बांधत नाही. प्रिंट फिक्सरमधून बाहेर आली की मी पांढरा दिवा लावते आणि तुझ्यासमोर धरते. तेवढ्यावर भागव.

पण दाखवली की तुझं एकच: "गडद कर."

रेल्वेच्या संपातला तो फोटो. यार्डाच्या भिंतीशी बायका संपकऱ्यांसाठी रांधतायत आणि पुढे आपल्या गल्लीतली एकुवा मावशी, हातात पळी, मान वळवून बाबांकडे बघून हसते आहे. बाबांची जुनी प्रिंट तू पाहिली आहेस. भिंत पांढरी फटक, धूर विरलेला, कापडं काळी, पण चेहरा असा की गालावरचा घाम दिसावा. बाबा म्हणायचे, बाकी काही जाऊ दे, चेहरा जाऊ देऊ नको, ती माणसं फोटो न्यायला येणार आहेत.

तू म्हणालास, आणखी गडद. मी म्हटलं, डोळे जातील. तू म्हणालास, "जाऊ देत. इथल्या लोकांना काळोख हवा असतो."

"कोणाचा काळोख?" मी विचारलं.

"अबा, तू फक्त काढ."

काढली. धूर ढगासारखा झाला, भिंत करडी झाली, आणि मावशीच्या जागी कापडात गुंडाळलेला कोळसा. तू खूश झालास. तुझ्या शेजारी कोणीतरी वा म्हणालं, तेही मला ऐकू आलं.

मी का काढते, असं तू कधी विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. नाही म्हटलं तर तू स्टुडिओ कोणाला तरी मोबाइलच्या दुकानासाठी देशील. मला दुसरी डार्करूम नाही. या वयात कोणी देणारही नाही.

पाकिटात काळ्या प्रिंट्स आहेत. मोजून घे.

अबा


सेकंडी, २० जून

क्वामेना,

आज एग्या म्हणवत नाही. तुझ्या आईने, म्हणजे आत्याने, ऐकलं तर रागावेल. पण पत्र आत्या वाचणार नाही.

मे महिन्यातल्या त्या दिवसाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. तुला माहीतच नाही. काम संपलं होतं. प्रिंट्स धुवायला टाकल्या, लाल दिवा बंद केला आणि ओणवी होऊन ट्रे आवरत होते. तुझ्याकडे सगळं काळं झालं असणार. तुला वाटलं, गेली बाई. मी तिथेच होते. दोन पदरांनी उजेड अडतो, आवाज अडत नाही.

तुझ्या खोलीत एक बाई होती. तिने तुला विचारलं, प्रिंट्स कोण काढतं? तू म्हणालास, मीच, माझ्या हाताशिवाय हे होत नाही. मग तिने विचारलं असणार की आफ्रिकेत कोण आहे, कारण तू हसलास आणि म्हणालास, "तिकडे एक बाई आहे, ती कागद एका ट्रेतून दुसऱ्या ट्रेत टाकते." पुढे तुमचं ठरलं की सगळ्या निगेटिव्ह त्यांच्या संग्रहालाच विकायच्या, ऑगस्टमध्ये तू येऊन घेऊन जाणार. तिने विचारलं, घरचे लोक हरकत घेतील का? तू म्हणालास, घर म्हणजे मीच.

मी चिमटा हातात धरून उभी होते.  बोलले असते तर तू सारवासारव केली असतीस आणि मी ती ऐकून घेतली असती. मला स्वतःची खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेले. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत राहिली, मग म्हणाली की एग्या आर्कोंना बोलावू, घराण्याचे प्रमुख ते आहेत, त्यांच्या तोंडून होऊ दे. पुढच्या बैठकीला तू होतासच, स्टुलावर ठेवलेल्या कॉम्प्युटरमधून, लाल पडद्याशिवाय, गोरागोमटा दिसत. तू छान बोललास. वारसाच्या हातात वस्तू दिली म्हणजे ठरवायचा हक्कही दिला, म्हणालास. मी म्हटलं, राखायला दिली, विकायला नाही. या फोटोंतल्या माणसांची नातवंडं याच गल्ल्यांत राहतात.

एग्या आर्को माझ्याकडे वळले. "अबा, तुझी आई कोणत्या घराण्याची?"

"त्विदान. तुम्हाला माहीत आहे."

"मग आमच्या न्सोनांच्या पेटीत काय राहावं आणि काय जावं, हे त्विदानांच्या मुलीने किती बोलावं?"

मी आत्याकडे बघितलं. बाबा आजारी असताना त्यांची पथारी आम्ही दोघींनी बदलली होती. तिने डोक्याचं कापड सारखं केलं. मग म्हणाली, "तू माझ्या भावाचं रक्त आहेस, पोरी. पण घर तुझ्या आईचं. आणि हा माझा मुलगा आहे. मी दुसरं काय म्हणू?"

तेवढ्यात नेट अडकलं आणि तू तोंड उघडं टाकून स्टुलावर थिजलास. पोरं हसली. मला हसू आलं नाही.

निकाल मान्य आहे. निगेटिव्ह तुझ्या. माझे हात कोणाच्याच घराण्याच्या पेटीत नाहीत. ही शेवटची पाकिटं. यापुढे तुझ्यासाठी मी प्रिंट काढणार नाही. कागद ट्रेमधून ट्रेमध्ये टाकायला तिकडे कोणीही मिळेल.

अबा


सेकंडी, १८ सप्टेंबर

क्वामेना,

आलास आणि गेलास. आईच्या घरी एक जेवण जेवलास, तेही घड्याळाकडे बघत. समुद्रावरच्या हॉटेलात उतरलास, कारण घरी पंखा आवाज करतो. माझ्याशी बोललास ते डब्यांच्या चिठ्ठ्यांपुरतं. सगळे डबे गाडीत बसले आणि तू अक्राच्या रस्त्याला लागलास. डार्करूमच्या दारातून आत पाऊल टाकलं नाहीस. मला वाटलं होतं निदान वास घेशील.

तू आत्याला ते जाडजूड पुस्तक दिलंस, प्रदर्शनाचं. मी स्वयंपाकघरात माशाचं कालवण ढवळत होते आणि तुमचं बोलणं सगळं ऐकू येत होतं. तुला वाटतं तसं ते मिटलेलं नाही, म्हणून लिहिते. आत्या पानं उलटत होती. एका पानावर थांबली, चष्मा पुसला, पुस्तक दाराच्या उजेडाकडे नेलं. तिने विचारलं, "हिला कोणी जाळलं?"

तू म्हणालास, "आई, ती कला आहे."

"कला असेल," ती म्हणाली. "पण ही एकुवा आहे."

तू हसलास आणि कालवणाबरोबर केंकीचा, मक्याचा, आणखी एक उंडा मागितलास. तू गेल्यावर तिने ते पुस्तक कपाटाखाली सरकवून ठेवलं.  शेजारणींना सांगत होती, मुलगा फार कामात असतो.

काही दिवसांनी ती दुकानात आली. निळं कापड, त्याच नक्षीचं डोक्याला, कानांत सोनं. पायांना सूज होती, रिक्षातून उतरायला दोघांनी हात दिला. तिने फोटो काढून घेतला. बाबांचा कॅमेरा तू नेलास, माझा मला आहे, त्याने काढला. आम्ही काय बोललो ते आमच्यात राहू दे. फिल्म धुतली आहे, प्रिंट मात्र काढलेली नाही. ती म्हणाली, वेळ आली की काढ.

तिची तब्येत बरी नाही. हे मी तुला कळवलं, याची नोंद असू दे.

अबा


सेकंडी, ४ डिसेंबर

क्वामेना,

तुझे निरोप मिळतायत. उत्तर देत नव्हते कारण पत्रात लिहायचं होतं. आता पाकीट नाही, नुसतं पत्र आहे. उघडशील की नाही ते तुझ्यावर.

तू विचारतोस, त्या दिवशी नेट कसं तुटलं. आणि मागतोस आत्याची निगेटिव्ह. दोन्हींचं उत्तर देते.

आत्या गेली तेव्हा तू रडलास, ते खरं होतं. मी तुला लहानपणापासून ओळखते, खोटं रडताना तू नाक वर ओढतोस. दफन ठरवलं त्याच शनिवारी तुझ्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. एग्या आर्को म्हणाले, पुढे ढकलू. तू म्हणालास, नको, माझ्यामुळे अडवू नका. माझ्यामुळे अडवू नका, हे आईच्या मयताबद्दल बोललास. मग मला फोन केलास, की निदान तिची प्रिंट निघताना मला तिथे असू दे. मी हो म्हटलं. तू असावंस असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

कॉम्प्युटर कपाटातून काढला. लाल फिल्मचे दोन्ही पदर शाबूत होते, तरी नाण्याची परीक्षा पुन्हा घेतली. तू आलास. कागद डेव्हलपरमध्ये सरकवला.

"आली का?" तू विचारलंस.

"येतेय." आधी कापडावरची नक्षी आली, मग भुवया, मग डोळे. मी तुला सांगत गेले. कानांतलं सोनं शेवटपर्यंत कोरंच राहिलं, तसंच राहायला हवं होतं.

"मला काहीच दिसत नाही, अबा. तो लाल कागद काढ ना. एकदाच."

"काढला तर ही प्रिंट जाईल."

"मग दुसरी काढ. कागद आहे ना तुझ्याकडे? मला माझी आई बघू दे."

कागद होता. पुडकं भरलेलं होतं. मी नाही म्हटलं. तू मला नावं ठेवलीस, मग गयावया केलीस. मी प्रिंट पुढच्या ट्रेत घातली, मग फिक्सरमध्ये. नेहमीप्रमाणे तुला दाखवायची वेळ झाली. पांढऱ्या दिव्याच्या बटणावर माझा हात होता. तू म्हणालास, "गडद तर नाही ना झाली?"

तू काय म्हणून विचारलंस मला माहीत नाही. कदाचित या वेळी तुलाही उजळच हवी होती. पण तुझ्या तोंडून तो शब्द आला आणि मी कॉम्प्युटर मिटला. लाइट गेली नव्हती. नेट तुटलं नव्हतं. मिटल्यावर दिवा लावला आणि एकटीने तिच्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ.

शनिवारी तो फोटो मांडवात होता. लोक म्हणाले, आत्ता बोलेल. पोरांनी मोबाइलवर काढून तुला पाठवला, त्यात काचेवर मांडवाच्या कापडाचा उजेड पडलाय आणि चेहरा दिसत नाही, असं तू लिहितोस. म्हणून निगेटिव्ह हवी, म्हणजे तिकडे मोठी करून आईला भिंतीवर लावता येईल. तुझ्या निरोपाच्या पहिल्या वाक्यात ती तुझ्या घरची भिंत आहे. तिसऱ्या वाक्यात ती प्रदर्शनाची होते.

निगेटिव्ह माझ्याकडे नाही. दुकानात आली त्या दिवशी आत्या फोटोसाठी बसली, मी दिवे लावत होते, आणि ती म्हणाली, "मी गेले की ती फिल्म माझ्या हातात दे. नाहीतर तो तीही घेऊन जाईल." मी म्हटलं, असं बोलू नये, तो तुझा मुलगा आहे. ती म्हणाली, "म्हणूनच सांगते. परक्याचं मला काय ठाऊक असणार?" मग हनुवटी वर करून म्हणाली, आता काढ.

तिला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायकांत मी होते. पेटी बंद करायच्या आधी मी फिल्मचा तो तुकडा तिच्या बोटांत ठेवला, पांढऱ्या हातमोज्याच्या आत. एग्या आर्कोंनी पाहिलं. झाकण लावायला सांगितलं.

प्रिंट एकच आहे. दफनानंतर फोटो कोणाकडे जाणार, हा प्रश्न कोणी काढायच्या आत मी तो उचलला आणि घरी आणला. मला कोणी अडवलं नाही, त्विदानांची पोर न्सोनांची म्हातारी काखोटीला मारून मांडवातून निघाली तरी. माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर आहे. चेहरा उजळ आहे, गालावरचा तीळसुद्धा दिसतो. बघायचा असेल तर तुला सेकंडीला यावं लागेल, माझ्या दारात उभं राहावं लागेल, आणि मी दार उघडीनच असं धरून चालू नकोस.

अबा